आधी औषधाची बचत मोजा, मग पेटंटचं बोला

*ताई, नमस्कार. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ब्लोअरने फवारणी करताना मेलेल्या वेलींच्या जागी, आणि ओळ संपून ट्रॅक्टर वळताना, औषध नुसतं हवेत जातं. त्यावर मी आणि माझ्या डिप्लोमाच्या मित्राने एक जोडणी बनवली. सेन्सरला समोर पाला दिसला नाही की झडप बंद, दिसला की चालू. आता झडप चालवणारा नवीन कंट्रोलरही करतो आहे. माझ्या अंदाजाने पाचवा हिस्सा औषध वाचतं, रेसिड्यूही, म्हणजे फळावर उरणारा औषधाचा अंशही, कमी होतो. जून २०२१ मध्ये फक्त भारतात अर्ज केला, २०२४ मध्ये दोघांच्या नावावर पेटंट मिळालं. सत्कार झाले, पेपरात फोटो आला. पण विकले गेले तीनच नग, तेही नातेवाइकांना. आता ब्लोअर बनवणारी एक कंपनी पेटंट कायमचं नावावर करून घ्यायला आठ लाख देते आहे. मेहुणे म्हणतात, जमिनीवर कर्ज काढून स्वतःच कारखाना टाक. दिल्लीची एक फर्म म्हणते, ६५ हजार भरा, परदेशी कंपन्यांना पेटंट विकून देतो. मित्र पुण्यात नोकरीला, तो म्हणतो 'तू ठरव'. नोकरी सोडू का? पेटंटची वर्षं वाया चाललीत या विचाराने झोप लागत नाही. पेटंटमधल्या दाव्यांची, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या कलमांची, प्रत सोबत जोडली आहे.*
*— एक बागायतदार, निफाड*

नमस्कार. या तिन्ही वाटांपैकी एकही या हंगामात धरू नका. दिल्लीची वाट तर कधीच धरू नका.

पेटंट ऑफिसने तुमची वस्तू नवी आहे का, कोणालाही सहज सुचेल अशी आहे का आणि उद्योगात बनवता-वापरता येईल का, एवढंच तपासलं. ती कोणी विकत घेईल का, हे त्या ऑफिसला कोणी विचारलेलं नाही आणि ते त्यांचं कामही नाही. हातात आलेल्या कागदाने तुम्हाला दुसऱ्याला अडवण्याचा हक्क मिळाला. अडवायला आधी कोणीतरी तुमच्या वस्तूच्या मागे लागायला हवं. तीन नग खपलेल्या वस्तूची नक्कल कोण करणार?

मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटला तो 'अंदाजाने'. आठ लाख कमी की जास्त, कर्ज झेपेल की नाही, हे सगळं त्या पाचव्या हिश्शावर अवलंबून आहे आणि तो हिस्सा अजून कोणी मोजलेला नाही.

इथे जेम्स वॉटची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती शाळेत अर्धीच सांगतात. वाफेच्या इंजिनातल्या वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट वॉटला १७६९ मध्ये मिळालं. पुढची काही वर्षं त्या पेटंटने त्याला एक पैसाही दिला नाही. भांडवल घालणारा जॉन रोबक पेटंटमध्ये दोन-तृतीयांश वाटेकरी होता, १७७३ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. वॉट पोटासाठी कालव्यांच्या मोजण्या करत फिरत होता. रोबकचा वाटा बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याच्याकडे आला आणि चित्र पालटलं. बोल्टनने पार्लमेंटकडून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. ही सोय तुम्हाला नाही, तुमची मुदत अर्जापासून वीस वर्षं, म्हणजे जून २०४१ ला संपणार. मग सिलिंडर. वॉटच्या इंजिनाला आतून नेमका गोल सिलिंडर लागायचा आणि तसा कोणाला जमत नव्हता. तोफा कोरण्याच्या धंद्यातल्या जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये कोरण्याचं जे यंत्र काढलं, त्याने तो जमवला. १७७६ मध्ये पहिली इंजिनं कामाला लागली.

पण खरी करामत पैसे घेण्याच्या रीतीत होती. बोल्टन आणि वॉट इंजिन विकतच नव्हते. खाणवाल्याने भाग आपल्या खर्चाने आणायचे. यांच्याकडून मिळायचे नकाशे, काही नेमके भाग आणि उभारणीला माणूस. मोबदला असा ठरायचा की जुन्या न्यूकोमेन इंजिनाला त्याच कामासाठी जेवढा कोळसा लागला असता आणि नव्याला जेवढा लागला, त्या फरकाच्या किमतीचा एक-तृतीयांश यांचा. फरक मोजायला इंजिनाच्या दांड्याला आकडे फिरवणारं यंत्र बसवलं होतं, कुलूपबंद पेटीत. ही इंजिनं सगळ्यात जोरात खपली इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत, कारण तिथे कोळसा वेल्सहून जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. जिथे कोळशाचीच खाण होती आणि भुकटी कोळसा दारात पडलेला असायचा, तिथे लोक जुनं धुरकट इंजिनच वापरत राहिले. त्यांना वाचवून करायचं काय होतं?

आता तुमच्या बागेकडे या. तुमचं कॉर्नवॉल कोणतं? माझ्या मते जुनी, मधूनमधून वेल मेलेली बाग. एकसारखी भरलेली तरुण बाग तुमची गिऱ्हाईक नाही, तिथे झडप बंद व्हायला जागाच नाही. शिवाय बचत हंगामभर सारखी राहणार नाही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, फुटी लहान असतात तेव्हा मोकळी जागा जास्त, मांडव भरला की ती आक्रसते. तुम्ही नातेवाइकांना जो आकडा सांगता तो छाटणीनंतरच्या दोन आठवड्यांतला असेल अशी मला शंका आहे. तसं असेल तर पहिला चौकस बागायतदार तो जानेवारीत खोडून काढेल आणि मग गावात तुमचं नाव निघेल ते वेगळ्याच कारणाने.

म्हणून येता हंगाम मोजणीचा. चार बागा घ्या, नातेवाइकांच्या नकोत. दोन जुन्या, दोन भरलेल्या, वेल चढवायच्या मांडव आणि वाय या दोन्ही पद्धतींच्या. तोच ब्लोअर, तोच ड्रायव्हर, एका फवारणीला जोडणी चालू, दुसरीला बंद, आणि दर वेळी टाकीत किती लिटर भरलं, किती उरलं, हे वहीत. वहीवर बागायतदाराची सही. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत. तुम्ही बागेत उभे राहू नका. तुम्ही नसताना ड्रायव्हर जोडणीचं काय करतो, सेन्सरवर चिखल बसला की ती काय करते, हे कळायला हवं. आणि लिटरपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोकळ्या जागेला लागून असलेल्या वेलींवर डावणी किंवा भुरी हे रोग जास्त दिसतात का, ते पाहा. झडप उघडायला क्षणभर उशीर झाला तर पहिला पाला कोरडा राहतो. बागायतदाराला वाचलेल्या औषधाचा आनंद असतो, पण एका ओळीत डावणी शिरल्याची धास्ती त्याच्या कितीतरी पट असते. ती धास्ती तुमच्या वहीने घालवली तर पुढचं विकणं सोपं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला आणि द्राक्ष बागायतदार संघाला या चाचणीबद्दल आधीच लिहा. त्यांच्या माणसाने एकदा जरी येऊन पाहिलं तरी त्या वहीला वजन येतं.

'रेसिड्यू कमी होतो' हे वाक्य माहितीपत्रकातून आजच काढा. तुमची झडप बंद होते ती पाला नसतो तिथे. घडावर जेवढं औषध पडायचं तेवढं पडतंच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांची जी अडवणूक झाली, ती निर्यात करणारा एकही माणूस विसरलेला नाही. त्याच्यापुढे रेसिड्यूबद्दल सैल बोललात तर तो तुमची बचतीची वहीसुद्धा उघडणार नाही.

आणखी एक गाठ आहे, तिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तुम्ही जोडणी विकायला कृषी सेवा केंद्रांत ठेवली होती असं लिहिलं असतंत तर मला नवल वाटलं नसतं, कारण सगळे तिथेच जातात. पण त्या दुकानदाराचा धंदा औषध विकण्याचा. औषध कमी खपवणारी वस्तू तो काउंटरच्या कोणत्या टोकाला ठेवेल? भाड्याने ब्लोअर चालवणाऱ्याचंही पाहा. औषध शेतकऱ्याचं, मग बचतीत त्याला काय? त्याला एवढंच सांगा की टाकी पुन्हा भरायच्या फेऱ्या कमी होतील आणि दिवसात एखादं एकर जास्त होईल. ज्याचं औषध त्याचाच ब्लोअर, असे मोठे बागायतदार आणि सभासदांची फवारणी एकत्र करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या ही तुमची पहिली दारं. तिथे वॉटची रीतही चालेल. जोडणी एका हंगामासाठी भाड्याने द्या आणि भाडं एकरावर ठरवा. मात्र त्याच्यासारखी बचतीतल्या हिश्शाची सरळ मागणी करू नका. वहीत रोज कोण भांडणार? कॉर्नवॉलचे खाणवाले तर त्या एक-तृतीयांशावरून शेवटी पेटंटच मोडायला निघाले होते.

दिल्लीच्या फर्मबद्दल दोनच वाक्यं. तुम्ही परदेशात अर्ज केला नाही, त्यासाठीची बारा महिन्यांची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि तुमचा अर्ज प्रसिद्ध झाल्यामुळे आता तिथे ती वस्तू नवी उरलेली नाही, तेव्हा परदेशी कंपनीला विकायला तुमच्याकडे परदेशातला हक्कच नाही. अमेरिकेत अशा फर्मांचा इतका सुळसुळाट झाला की १९९९ च्या कायद्याने त्यांना करार करण्यापूर्वी किती गिऱ्हाइकांना खरा नफा झाला हे लेखी सांगायला भाग पाडलं. तोच प्रश्न तुम्ही पुढच्या फोनला विचारा.

आता मित्र. 'तू ठरव' हे ऐकायला छान आहे, पण कायद्याला ते पुरत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर दोघांचा अर्धा-अर्धा अविभाजित वाटा. तो स्वतः ही जोडणी बनवून विकू शकतो आणि तुम्हाला हिशेब देणं लागत नाही. तुम्हीही तसंच करू शकता. मात्र तिसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा तर दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे त्याच्या सहीशिवाय ब्लोअर कंपनीशी तुमचं एकही बोलणं पुरं होणार नाही. आज पैसा नाही म्हणून दोघं मोकळेपणाने बोलू शकता. पैसा दिसू लागला की बायका-मुलं, भाऊ-मेहुणे सगळे त्या बोलण्यात येतात. कोणाचं किती काम, खर्च कोणी सोसायचा, परवान्याचा निर्णय कोणाचा, रक्कम कशी वाटायची हे लिहून घ्या. त्याचबरोबर तुमचं कारखान्याचं नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना लागलेला शोध मालकाचा की नोकराचा, हे आपल्या पेटंट कायद्यात सरळ सांगितलेलं नाही, ते करारावर ठरतं. मित्राचंही तेच, तो २०२१ मध्ये जिथे नोकरीला होता तिथलं पत्र. तुमच्या दोघांच्या पत्रांत असं कलम निघालं तर ते ब्लोअर कंपनीच्या वकिलाच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कंपनीचे आठ लाख. मी नाक मुरडणार नाही, एकरकमी पैसा घेऊन मोकळं होणं हा काही गुन्हा नाही. तुम्हाला या झडपेचा कंटाळा आला असता तर मी 'घ्या' म्हटलं असतं. पण तुम्हाला झोप लागत नाही म्हणजे कंटाळा आलेला नाही. आणि 'कायमचं नावावर' म्हटल्यावर कंपनी ती वस्तू बनवेलच असं नाही, कपाटातही ठेवेल. तुम्ही त्यांना परवाना देऊ करा. फक्त ट्रॅक्टरच्या ब्लोअरपुरता, तीन वर्षांचा. त्या काळात तो एकट्या त्यांना हवा असेल तर दर वर्षी किमान एक रक्कम त्यांनी द्यायचीच, माल खपो वा न खपो. ती चुकली की एकाधिकार आपोआप जाईल. रॉयल्टी कोणत्या किमतीवर, ते करारात शब्दाने लिहा. बीजकावरची किंमत, कर वगळून, आणि झडप अख्ख्या ब्लोअरच्या आत बसवून विकली तर काय, तेही. नाहीतर ते झडपेची किंमत कागदावर शंभर रुपये दाखवतील. हिशेबाची पुस्तकं वर्षातून एकदा पाहण्याचा हक्क ठेवा. डाळिंब, संत्री, पाठीवरचे पंप, हे सगळं स्वतःकडे. 'सेन्सर माझ्याकडूनच घ्या' अशी अट मात्र घालू नका, परवान्यात पेटंटबाहेरची वस्तू गळ्यात मारणारी अट कलम १४० ला चालत नाही. करार लेखी हवा आणि पेटंट ऑफिसात त्याची नोंद हवी. मसुदा वकिलाने वाचावा, पण या अटी तुम्ही ठरवून न्या. वकील अटी लिहून देईल, तुमची बाग त्याला माहीत नसते.

पण हे बोलणं वही हातात आल्यावर. आज ते तुमच्या सत्काराच्या फोटोचे आठ लाख देताहेत.

मेहुण्यांचा कारखाना मला पटत नाही आणि जमीन गहाण ठेवून तर मुळीच नाही. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे तुम्हाला आठवत असतील, त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणायचे. छपाईचे खिळे पाडणारं त्यांचं भिसोटाइप यंत्र वेगवान होतं, पेटंट होती, लंडनमध्ये दादाभाई नौरोजी पाठीशी होते. पण यंत्र बाजारात आणायला लागणारं मोठं भांडवल उभं करायचं काम हेन्री हाइंडमन या एका माणसावर येऊन ठेपलं आणि त्याला ते जमलं नाही. भिसे परत निघाले, जहाजावर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, त्यांच्यामुळे सर रतन टाटांची मदत मिळाली, पुढे अमेरिकेतही खटाटोप झाला. भिसे १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले, तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप या दुसऱ्या यंत्रांनी छापखाने केव्हाच व्यापले होते. भिशांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. त्यांचं यंत्र घ्यायचं तर छापखान्याला आधीची यंत्रं बाजूला सारावी लागत. तुमची झडप आहे त्याच ब्लोअरला बसते, हे तुमचं नशीब. त्याचा फायदा घ्या. पन्नास-साठ नग सातपूर-अंबडच्या एखाद्या शॉपमध्ये जॉबवर्कने करून घेता येतात, त्याला कारखाना लागत नाही. पुढे कंपनी काढलीतच तर पेटंट दोघांच्या नावावर ठेवा आणि कंपनीला परवाना द्या. जेम्स डायसनने आपल्या चेंडूच्या चाकाच्या हातगाडीचं पेटंट कंपनीच्या नावावर केलं होतं. कंपनीतून त्याला काढलं तेव्हा पेटंट तिथेच राहिलं.

वर्षं वाया चाललीत का? काही अंशी, होय. चेस्टर कार्लसनने कोरड्या छायाप्रतीचा पहिला ठसा १९३८ मध्ये उमटवला, पेटंट १९४२ मध्ये मिळालं, वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला परत पाठवलं, आणि झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं १९५९ मध्ये. तेव्हा अमेरिकेत मुदत मिळाल्यापासून सतरा वर्षांची, म्हणजे तो मूळ हक्क त्याच वर्षी संपत होता. धंदा तरला, कारण मधल्या काळात केलेल्या सुधारणांची पेटंट घेऊन ठेवली होती. तुमच्या पत्रात 'नवीन कंट्रोलर' असा ओझरता उल्लेख आहे. तो मूळ दाव्यांत नाही. चाचणीच्या बागेत नेण्याआधी त्याचा तात्पुरता अर्ज टाका, नाहीतर तो दाखवल्यावर नवा उरणार नाही. तुमचा पहिला दावा झडपेच्या रचनेवर आहे आणि सेन्सरच्या प्रकारावर अडलेला नाही, हे ज्याने लिहिलं त्याला चहा पाजा. पाला ओळखून फवारणी ही कल्पना जगात जुनी आहे, तुमचं जे आहे ते ती न गळता बंद होणारी स्वस्त झडप.

वार्षिक फी चुकवू नका, व्यक्तीसाठी ती सुरुवातीच्या वर्षांत किरकोळ आहे आणि चुकली तर पेटंट जातं. पेटंट वापरात आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो, त्यात खपाबद्दल खरं तेच लिहा. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि लोकांची गरज भागत नसेल तर दुसरा कोणी सक्तीचा परवाना मागू शकतो. २०१२ मध्ये नॅटकोला बायरच्या कर्करोगाच्या औषधासाठी तो मिळाला होता. तुमच्या झडपेसाठी कोणी इतकी यातायात करणार नाही, तरी माहीत असू द्या.

आणि कोणी नक्कल केलीच तर? रॉबर्ट कर्न्सने थांबत-थांबत चालणारा मोटारीचा वायपर काढला, पेटंट १९६७ चं. फोर्डने तसे वायपर १९६९ मध्ये बाजारात आणले, त्याने दावा लावला १९७८ मध्ये आणि एक कोटी दोन लाख डॉलर मिळाले १९९० मध्ये. रक्कम मोठी आहे, पण बारा वर्षं कोर्टात गेली आणि संसार मोडला. त्याच्याएवढी जिद्द तुमच्यात असली तरी ती या झडपेवर खर्च करू नका. छोट्या नक्कल करणाऱ्याला आधी परवाना विचारा, बहुतेकांना वाकडं नकोच असतं.

नोकरी सोडू नका. चाचणीला लागतील त्या रजा साठवा, आणि ड्रायव्हरांना दर फवारणीमागे काही द्या, त्याशिवाय वह्या भरल्या जाणार नाहीत. ब्लोअर कंपनीला या आठवड्यात दोन ओळींचं पत्र पाठवा, मित्राची सही घेऊनच. पेटंट विकायचं नाही, परवान्यावर बोलायला तयार आहोत, चार बागांचे आकडे हंगाम संपल्यावर दाखवू, तोवर तुमचा एखादा ब्लोअर चाचणीला द्याल का, असं विचारा. दिला तर त्यांना खरंच रस आहे.

— तुमची ताई